ऑनलाइन निविदेत माल विकला. तो मिळाल्याची नोंद करणार कोण?

पत्राकाम | सोमवार, सकाळी 10.15

नमस्कार. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पोलादी कपाटे, रॅक आणि लॉकर बनवण्याचा छोटा कारखाना आहे. वडिलांच्या काळात सगळा माल दोन-तीन ठरलेल्या दुकानदारांकडे जात असे. सरकारी कामाच्या वाटेला ते कधी गेले नाहीत, कारण निविदेचा फॉर्म घ्यायला गेले की फॉर्म संपल्याचे उत्तर मिळे आणि लिफाफा पेटीत टाकायला जावे, तर पेटीपाशी कोण उभे असेल याचा भरवसा नसे. गेली सात वर्षे मी मात्र केंद्र सरकारचे खरेदी पोर्टल जेम आणि राज्याचे निविदा पोर्टल महाटेंडर्स या दोन्हींवर बोली लावत आलो आहे आणि आमच्या उलाढालीचा जवळजवळ तिसरा हिस्सा आता तिथून येतो.

पुढे जे लिहिणार आहे ते तक्रारीचे आहे. त्यावरून या पद्धतीलाच माझा विरोध आहे असा समज होऊ नये, म्हणून तिने आम्हांला काय दिले ते आधी सांगतो. पूर्वी केंद्र सरकारची खरेदी पुरवठा व निपटान महासंचालनालयाच्या दरकरारांवर चालत असे आणि त्या दरकरारात शिरणे आमच्यासारख्याला जमण्यासारखे नव्हते. 9 ऑगस्ट 2016 रोजी जेम सुरू झाले आणि 31 ऑक्टोबर 2017 रोजी ते महासंचालनालय बंद झाले. 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम 149 प्रमाणे, जी वस्तू जेमवर उपलब्ध आहे ती केंद्रीय कार्यालयांनी तिथूनच घेणे बंधनकारक झाले. पहिल्या वर्षी, म्हणजे 2016-17 मध्ये, तिथे 422 कोटी रुपयांची खरेदी झाली होती. 2023-24 मध्ये हाच आकडा 4 लाख कोटींच्या पुढे गेला. कुपवाडच्या शेडमध्ये बसून मी पुण्याच्या प्रयोगशाळेला आणि नागपूरच्या कार्यालयाला कपाटे विकली, तीही कोणाची ओळख न काढता. माझ्या वडिलांना हे आजही खरे वाटत नाही.

आता मुद्द्यावर येतो. एका संस्थेच्या वसतिगृहांसाठी 24 कपाटांची ई-निविदा निघाली होती. संस्थेचे नाव लिहीत नाही. कपाट नेहमीचे, साडेसहा फूट उंच, 20 गेजचा सीआर पत्रा, आत चार फळ्या, आयएस 3312 या भारतीय मानकाप्रमाणे. वित्तीय लिफाफा, म्हणजे बोलीतला दराचा भाग, भरताना माझा हिशेब जीएसटीसह नगाला 14,100 रुपये येत होता. स्पर्धा दिसत होती म्हणून 600 रुपये कमी करून 13,500 भरले आणि आमची बोली सर्वांत कमी निघाली. एकूण 3,24,000 रुपयांचा पुरवठा आदेश हातात आला, तेव्हा शेडमध्ये पेढे वाटले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी टेम्पो वसतिगृहाच्या दारात पोहोचला. भांडार सांभाळणारे गृहस्थ परीक्षेच्या कामावर गेले होते. शिपायाने माल उतरवून घेतला, चलनावर सही केली आणि शिक्का कपाटात कुलूपबंद असल्यामुळे तो सोमवारी घ्या असे सांगितले. सोमवारी मी गेलो, तेव्हा शिक्का मिळाला. मात्र तपासणी समितीची बैठक झाल्याशिवाय माल स्वीकारल्याची नोंद होणार नाही, असे कळले. समितीतले एक सदस्य रजेवर होते. मग मार्चअखेर आली. मग समिती बदलली. एप्रिल-मे असाच गेला. जूनमध्ये समितीने एक कपाट उघडून पाहिले, पावडर कोटिंगवर नखाने ओरखडा काढून बघितला आणि अहवालावर सह्या केल्या. पैसे ऑगस्टच्या मध्यावर खात्यात आले.

या पाच महिन्यांत विद्यार्थ्यांचे कपडे त्याच कपाटांत होते. आमचे कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेकडून घेतलेले खेळते कर्ज, 11 टक्क्यांचे आहे. 3,24,000 रुपयांवर पाच महिन्यांचे व्याज 14,850 रुपये होते, म्हणजे एका कपाटामागे सुमारे 619 रुपये. ऑर्डर मिळावी म्हणून मी जेवढे कमी केले होते, जवळजवळ तेवढेच पुन्हा बँकेला गेले. शिवाय बिल मार्चमध्ये निघाल्यामुळे त्यातला 49,424 रुपयांचा जीएसटी, पत्रा आणि रंगावर भरलेला कर वजा करून, मार्चच्या विवरणपत्रासोबत एप्रिलमध्येच भरावा लागला. कर भरताना पैसे आले की नाहीत, हे कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, निविदा प्रसिद्ध होण्यापासून आदेश निघेपर्यंतचा प्रत्येक टप्पा आज संगणकावर मिनिटासकट नोंदला जातो आणि माल दारात पोहोचला की तीच पद्धत पुन्हा शिपाई, शिक्का आणि रजेवरचा सदस्य यांच्या हाती जाते. आपल्यापैकी जे सरकारी पुरवठा करतात, त्यांनी या टप्प्यावर काय उपाय केले आहेत? आणि खरेदी करणाऱ्या बाजूचे कोणी इथे असतील, तर तिकडून हे कसे दिसते, तेही वाचायला आवडेल.

निविदासखी | सोमवार, दुपारी 1.40

पत्राकाम, आपण आकड्यांसकट लिहिले, हे फार बरे केले. मी नाशिकमध्ये लहान उद्योगांच्या निविदा भरून देण्याचे काम करते आणि आपल्या लेखातले एक वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटले: शिपायाची सही झाली आणि शिक्का सोमवारी मिळाला. माझ्या मते आपली बाजू भक्कम करणारा कागद तोच होता आणि आपण तो वापरला नाही.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 याच्या कलम 15 प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही लिहिले असले तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. इथे सगळे जण अडतात, कारण स्वीकारल्याची नोंदच झाली नसेल तर दिवस मोजायचे कुठून, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर त्याच कायद्यात, कलम 2 च्या व्याख्यांमध्ये आहे. माल प्रत्यक्ष पोहोचल्यापासून 15 दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल ज्या दिवशी पोहोचला तोच दिवस मानीव स्वीकृतीचा दिवस ठरतो. समिती बसली की नाही, सदस्य रजेवर होते की नाही, याचा तिथे संबंध येत नाही. आपल्याला कोणी लेखी हरकत कळवली होती का? नसेल, तर आपला 45 दिवसांचा काळ एप्रिलच्या शेवटीच संपला होता.

त्यापुढच्या दिवसांसाठी कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने आणि दरमहा चक्रवाढीने व्याज देय होते. बँक दर 6.75 टक्के धरला, तर हे व्याज 20.25 टक्क्यांवर जाते, म्हणजे आपण बँकेला देता त्याच्या जवळजवळ दुप्पट. ऑक्टोबर 2017 पासून समाधान नावाचे केंद्राचे पोर्टल आहे आणि तिथून अर्ज थेट सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे असे वाद सोडवणाऱ्या परिषदेकडे जातो. परिषदेच्या निर्णयाविरुद्ध खरेदीदाराला न्यायालयात जायचे असेल, तर आधी 75 टक्के रक्कम जमा करावी लागते.

मात्र दोन अटी लक्षात घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून केलेली सरकारी नोंदणी, माल पुरवण्याच्या आधीची असली पाहिजे. वाद सुरू झाल्यावर केलेली नोंदणी मागच्या व्यवहाराला उपयोगी पडत नाही. आणि आपण स्वतः उत्पादक किंवा सेवा देणारे असले पाहिजे. नुसता व्यापार करणाऱ्यांना 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच आहे.

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना ई-निविदा म्हणजे डिजिटल सहीचे टोकन, पासवर्ड आणि पीडीएफ एवढेच वाटते. सगळा जीव दर टाकण्यात अडकलेला असतो. कागदपत्रांत पैसे कधी मिळतील, असे लिहिलेले पान कोणी उघडतही नाही.

कापडी_पिशवी | सोमवार, सायंकाळी 6.05

आम्ही लातूर जिल्ह्यातल्या 14 जणी मिळून पिशव्या, टेबलक्लॉथ आणि गणवेश शिवतो. जेमवर महिला उद्योजकांसाठी 2019 पासून वुमनिया नावाचा उपक्रम आहे, असे एका शिबिरात कळले आणि नोंदणी करण्याचे ठरले होते. आता पाच महिने पैसे अडकल्याचे वाचून भीती वाटते. आमच्याकडे पाच आठवडेही थांबण्याइतके खेळते भांडवल नाही. निविदासखी ताई, आम्ही या वाटेला यावे की नाही, हे स्पष्ट सांगाल का?

निविदासखी | सोमवार, रात्री 9.20

यावे, पण लहान पावलांनी यावे. जेमवर थेट खरेदीची एक मर्यादा असते. 2017 च्या नियमांत ती 25,000 रुपये होती, पुढे ती वाढवली गेली. त्या मर्यादेत बोलीच नसते. कार्यालय कॅटलॉग पाहून सरळ आदेश देते. आपल्या पिशव्या तिथे चांगल्या छायाचित्रांसह, कापडाचे जीएसएम (दर चौरस मीटरचे वजन) आणि शिवणीचा प्रकार नीट लिहून ठेवा. सुरुवातीच्या सहा महिन्यांत आपल्या गटाला झेपेल तेवढीच रक्कम बाहेर अडकेल, असे बघा. समजा 40,000 रुपये अडकले तरी घरचे चालू शकते, तर एका वेळी त्यापेक्षा जास्त उधारी बाहेर ठेवू नका, मग ऑर्डर कितीही मोठी दिसो.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणाप्रमाणे केंद्रीय मंत्रालये आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांना वर्षाच्या खरेदीपैकी 25 टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करायची असते आणि त्यातले 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. आपला दर सर्वांत कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी त्या कमी दराला तयार होऊन ऑर्डरचा हिस्सा मागता येतो. बोलीसोबत भरायच्या बयाणा रकमेतून सूट आहे. 358 वस्तू फक्त याच उद्योगांकडून घ्यायच्या म्हणून राखीव आहेत. पण हे धोरण केंद्राचे आहे. जिल्हा परिषद किंवा राज्याचे कार्यालय खरेदी करत असेल, तर तिथे राज्याचे नियम चालतात. आपल्याकडे 1 डिसेंबर 2016 चा शासन निर्णय त्यासाठी पाहावा लागतो. एकाचा हक्क दुसऱ्याकडे मागितला, तर वेळ फुकट जातो.

बोलीच्या कागदात एक ओळ नेहमी शोधा: सूक्ष्म-लघु उद्योगांना अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून सूट आहे की नाही. तिथे नाही असे लिहिले असेल, तर नवीन गटाने त्या बोलीवर रात्र जागवू नये.

जुना_भांडारपाल | मंगळवार, सकाळी 8.30

मी एका शासकीय महाविद्यालयाच्या भांडारात 27 वर्षे काम करून निवृत्त झालो. पत्राकाम यांनी पलीकडच्या बाजूने लिहायला सांगितले आहे, म्हणून लिहितो. कोणाची बाजू सावरण्याचा हेतू नाही.

माल स्वीकारल्याची सही करणारा माणूस खरेदी ठरवत नाही. निविदा खरेदी शाखेने काढलेली असते, दर वरिष्ठांनी मंजूर केलेला असतो आणि भांडारपालाला अनेकदा टेम्पो दारात आल्यावरच कळते की, कपाटे आली. त्यानंतर मात्र सगळी जबाबदारी त्याची. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याने नोंद घेतली आणि तीन वर्षांनी लेखापरीक्षणात पत्रा 20 ऐवजी 22 गेजचा, म्हणजे पातळ निघाला, तर वसुली त्याच्या पगारातून किंवा निवृत्तिवेतनातून होते. माझ्या एका सहकाऱ्याला असे भोगावे लागले. त्यानंतर मी कोणत्याही कागदावर लवकर सही केली नाही. पुरवठादार दारात उभे असत आणि मी त्यांना पुढच्या आठवड्यात या, असे सांगत असे. त्यांच्या घरी याचा काय अर्थ होत असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही, हे आज मला मनापासून खटकते.

दुसरे कारण अनुदानाचे. राज्याच्या कार्यालयांना निधी बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर येतो आणि त्यातला मोठा भाग मार्चच्या शेवटच्या दिवसांत येतो. 31 मार्चपर्यंत बिल कोषागारात गेले नाही, तर अनुदान व्यपगत होते, म्हणजे परत जाते. मग तेच बिल नव्या वर्षाच्या निधीची वाट पाहते आणि नव्या वर्षाचा निधी हाताशी यायला जून-जुलै उजाडतो. आपले पैसे ऑगस्टमध्ये मिळाले, त्यात समितीचा दोष आहेच. पण मला वाटते की, समिती एप्रिलमध्ये बसली असती, तरी पैसे जुलैच्या आधी मिळाले नसते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचलेला माल हा पुरवठ्याच्या दृष्टीने सगळ्यांत धोक्याचा माल. शक्य असेल तर फेब्रुवारीत पोहोचवावा.

पूर्वीची पद्धत चांगली होती, असे कोणी म्हणू नये. तीन वेगवेगळ्या दुकानांची तीन कोटेशने एकाच हस्ताक्षरात आलेली मी स्वतः फायलीला लावली आहेत. ई-निविदेने ते बंद झाले आणि त्या दिवसापासून आमच्या टेबलावर मध्यस्थांची गर्दी कमी झाली.

एक सुचवतो. माल घेऊन जाताना मायक्रोमीटर आणि कोटिंग मोजण्याचे यंत्र सोबत न्यावे, भांडारपालाच्या समोर पत्र्याची जाडी मोजावी, पत्रा उत्पादकाचे चाचणी प्रमाणपत्र द्यावे आणि मोजमापाच्या कागदावर दोघांनी सह्या कराव्यात. भांडारपालाला हवा असतो तो आधार. तीन वर्षांनी कोणी विचारले, तर दाखवायला त्याच्याजवळ कागद असला की, त्याचा हात सहीला अडत नाही.

हिशेबी | मंगळवार, दुपारी 12.10

सर्व चर्चा वाचली. माझी शंका वेगळी आहे. उशिरा पैसे मिळणे हे ठरलेलेच असेल, तर त्याचे व्याज दरातच का धरू नये? खाजगी ग्राहकाला आपण 90 दिवसांच्या उधारीचा दर वेगळा सांगतोच. शेवटी धंदा म्हटला की, उधारी आलीच.

पत्राकाम | मंगळवार, दुपारी 3.25

हिशेबी, आपण म्हणता ते मी एक वर्ष करून पाहिले. खाजगी ग्राहकाशी बोलताना दर आणि मुदत दोन्ही एकाच टेबलावर असतात. सर्वांत कमी दराच्या निविदेत फक्त दर मोजला जातो. मी 619 रुपये वाढवले आणि ज्याला हा धोका माहीतच नाही, असा नवा कारखानदार न वाढवता आला, तर ऑर्डर त्याला मिळते. वर्षभराने तो तोट्यात जातो आणि त्याच्या जागी दुसरा अजाण माणूस येतो. म्हणजे उशिराचा खर्च दरात कधीच दिसत नाही; तो दरवर्षी कोणाच्या तरी घरातून वसूल होतो. पैसे वेळेवर देणाऱ्या आणि न देणाऱ्या कार्यालयाला आम्ही एकच दर देतो, हे मला सगळ्यांत चुकीचे वाटते. पैसे देण्यास सरासरी किती दिवस लागले, हा आकडा प्रत्येक खरेदीदार कार्यालयाच्या नावापुढे बोलीच्या पहिल्याच पानावर छापला गेला पाहिजे. पुरवठादाराचे गुण-दोष तारे देऊन दाखवता येतात, तर हेही दाखवता येईल.

निविदासखी ताईंच्या प्रश्नाचे उत्तर: नाही, मला एकही लेखी हरकत आली नव्हती. जे काही सांगितले गेले ते तोंडी किंवा फोनवर. मानीव स्वीकृतीची तरतूद मला आज पहिल्यांदा कळली आणि ती वाचून मी बराच वेळ सुन्न बसलो.

पद्माकाठ | मंगळवार, रात्री 11.50

मी मूळचा इचलकरंजीचा. गेली नऊ वर्षे ढाक्यात पाण्याचे पंप पुरवणाऱ्या एका कंपनीत आहे. इकडचे थोडे लिहितो, कारण प्रश्न सारखाच आहे, फक्त तो वेगळ्या जागी फुटतो.

बांगलादेशची ई-जीपी ही प्रणाली 2 जून 2011 रोजी सुरू झाली. त्याआधी निविदा पेटीपाशी दांडगाई होणे ही इथली नेहमीची गोष्ट होती, असे इथले जुने लोक सांगतात. बोली संगणकावर गेल्यामुळे ती पेटीच नाहीशी झाली. यातली एक सोय मला आपल्याकडेही हवीशी वाटते: निविदेची बँक हमी पुरवठादार स्वतः चढवत नाही, नोंदणीकृत बँकच ती प्रणालीत भरते. त्यामुळे हमी खरी की खोटी, हे तपासण्यात कोणाचे दिवस जात नाहीत.

पण नियम चुकला, तर संगणक तो चुकीचा नियमच जास्त काटेकोरपणे चालवतो, हेही इथे पाहिले. 2016 च्या दुरुस्तीने बांधकामांच्या खुल्या निविदांत असे ठरले की, सरकारी अंदाजपत्रकापेक्षा 10 टक्क्यांहून कमी किंवा जास्त दर आला, तर तो बाद. कोणी अवास्तव कमी दर भरून काम अर्धवट सोडू नये, हा हेतू होता. प्रत्यक्षात अंदाजपत्रक कळले की, सगळे जण बरोबर 10 टक्के कमी दर भरू लागले. पाच-दहा बोली पैशापर्यंत सारख्या. मग निवड पूर्वीच्या कामांच्या गुणांवर, आणि ज्याच्याकडे आधीच मोठी कामे होती त्याचे गुण अर्थातच जास्त. नवा ठेकेदार तिथेच अडला. ही मर्यादा 2025 मध्ये काढून टाकली गेली.

पैसे देण्याच्या बाबतीत चिलीचे उदाहरण आमच्या कार्यालयात नेहमी निघते. त्यांनी सार्वजनिक खरेदीचा कायदा 2003 मध्ये केला आणि सगळी खरेदी एका पोर्टलवर आणली. लहान पुरवठादारांची रड तरीही पैशांचीच राहिली, म्हणून 2019 मध्ये बिल 30 दिवसांत देण्याचा वेगळा कायदा करावा लागला आणि तो सरकारी कार्यालयांनाही लागू केला. खरेदी ऑनलाइन आणणे आणि पैसे वेळेवर देणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मान्य करायला त्यांनाही 16 वर्षे लागली.

निविदासखी | बुधवार, सकाळी 9.00

पद्माकाठ यांचे आभार. आपल्याकडेही कागदावर तरतूद आहे. जेमवर माल मिळाल्यापासून 10 दिवसांत स्वीकृती प्रमाणपत्र आणि त्यानंतर 10 दिवसांत पैसे, असा नियम आहे. पण दुसरे 10 दिवस पहिल्या प्रमाणपत्रापासून मोजायचे असल्यामुळे सगळे त्या एका नोंदीवर येऊन थांबते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ट्रेड्स हा मार्ग आहे, जिथे खरेदीदाराने मान्य केलेले बिल बँकांपुढे ठेवून आधीच पैसे उचलता येतात. 250 कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केली आहे. मात्र तिथेही बिल आधी खरेदीदाराने मान्य करावे लागते, म्हणजे पुन्हा तीच नोंद.

म्हणून मी माझ्या लोकांना सांगते की, भांडण शेवटी करण्यापेक्षा प्रश्न सुरुवातीला विचारा. जेमवर बोली प्रसिद्ध झाल्यापासून 4 दिवसांत पुरवठादाराला निवेदन देता येते आणि प्रत्येक निवेदनाला उत्तर दिल्याशिवाय खरेदीदाराला बोली उघडता येत नाही. ही खिडकी फार थोडे लोक वापरतात. तिथे सभ्य भाषेत विचारावे: माल कोणत्या पत्त्यावर, कोणत्या मजल्यावर उतरवायचा आहे, तपासणी समिती नेमली आहे का, तपासणी किती दिवसांत होईल आणि निधी मंजूर आहे का. उत्तर नोंदीत राहते. उत्तर गुळमुळीत आले, तर बोली लावायची की नाही, हे ठरवता येते.

पत्राकाम | शुक्रवार, सायंकाळी 5.30

या धाग्यावर लिहिल्यानंतर दोन गोष्टी केल्या. एका केंद्रीय कार्यालयाच्या 10 रॅकच्या बोलीवर निवेदनाची खिडकी उघडून वर सांगितलेले चारही प्रश्न विचारले. आज उत्तर आले: पत्ता तळमजल्याचा आहे, तपासणी दोन तांत्रिक कर्मचारी माल उतरवतानाच करतील, निधी उपलब्ध आहे. सात वर्षांत खरेदीदाराकडून मिळालेले हे पहिले लेखी उत्तर. मायक्रोमीटर घरात होताच. कोटिंग मोजण्याचे यंत्र सांगलीतून भाड्याने घेण्याचे ठरवले आहे.

जुन्या बिलाच्या व्याजाचा अर्ज समाधानवर करावा की नाही, यावर घरात दोन मते आहेत. त्याच संस्थेची पुढची निविदा येत्या जानेवारीत निघेल आणि अर्ज केला तर आपली बोली कोणत्या नजरेने पाहिली जाईल, ही भीती वडिलांना वाटते. ती भीती मला खोटी म्हणता येत नाही. तरी मी अर्ज करणार आहे. आमची उद्यम नोंदणी 2020 ची आहे आणि पहिल्या शुक्रवारी घेतलेली सही, सोमवारचा शिक्का आणि तारीख असलेले चलन माझ्याजवळ आहे.

कापडी_पिशवी | शुक्रवार, रात्री 8.45

आमची नोंदणी काल पूर्ण झाली. सध्या फक्त पिशव्या आणि टेबलक्लॉथ ठेवले आहेत. एक विनंती आहे. माल पोहोचल्यावर 15 दिवसांत हरकत आली नाही, तर कार्यालयाला काय लिहायचे, याचा मसुदा कोणी देऊ शकेल का? आमच्यापैकी कोणालाच सरकारी पत्राची सवय नाही.

निविदासखी | शनिवार, सकाळी 7.50

माझ्याकडे वापरात असलेला मसुदा देते. सोळाव्या दिवशी ईमेलने पाठवावा आणि त्याच दिवशी एक प्रत आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. भाषा कडक करू नये; भांडारपाल साहेबांनी लिहिलेले आठवावे.

प्रति, मा. भांडार अधिकारी,

विषय: पुरवठा आदेश क्रमांक ____ अन्वये पुरवलेल्या मालाच्या स्वीकृतीबाबत.

महोदय, उपरोक्त आदेशाप्रमाणे ____ नग आपल्या कार्यालयात दिनांक ____ रोजी पोहोचले असून चलनावर आपल्या कार्यालयाची सही व शिक्का आहे. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत आपल्याकडून कोणतीही लेखी हरकत प्राप्त झालेली नाही. त्यामुळे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 मधील तरतुदीनुसार सदर माल दिनांक ____ रोजी स्वीकारला गेला असे मानून देयकाची मुदत मोजण्यात येत आहे. मालाची तपासणी करावयाची असल्यास आम्ही आपल्या सोयीच्या दिवशी मोजमापाच्या साधनांसह हजर राहू. तसेच स्वीकृतीची नोंद करून देयक पुढील कार्यवाहीसाठी पाठवावे, ही विनंती.

सोबत: सही व शिक्क्यासह चलनाची प्रत, देयकाची प्रत, उद्यम नोंदणी प्रमाणपत्र.